प्लूटो : ग्रह, देवता आणि दैव



वैशाखातली ही यवतमाळची संध्याकाळ आहे. दिवसभर दारे-खिडक्या लावून आपण ऊन टाळले आणि आता उघड्या मैदानावर, आकाशाखाली येऊन बसलो आहोत. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याच आकाशात आहे. परंतु तो बोट करून दाखविणे आमच्या हाती नाही. प्लूटो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोठी दुर्बीण लावली तरी तो ताऱ्यांच्या गर्दीतला एक फिकट ठिपका असतो. त्याच्यावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला सुमारे पाच तास लागतात. आता सात वाजले आहेत. म्हणजे या घटकेला जो प्रकाश पृथ्वीवर पोचतो आहे तो दुपारी दोनच्या सुमारास, आपण सावलीला पडलो होतो तेव्हा, तिकडून निघाला.

इतक्या दूरच्या वस्तूविषयी वसंत व्याख्यानमालेत तास घालवावा असे काय आहे, असा प्रश्न चिटणिसांनी आम्हांस विचारला होता. त्याचे उत्तर म्हणून आधी एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातील एक कास्तकार आमच्याकडे आले. ओळख जुनी. मुलीचे लग्न ठरत आले होते. मुलाकडचे पाहुणे येऊन गेले, बोलणी झाली, साक्षगंधाची तारीख निघाली. आणि चार दिवसांनी निरोप आला की, जमत नाही. संगणकावर काढलेल्या पत्रिकेत मुलीच्या सप्तमस्थानी प्लूटो निघाला होता. सप्तमातला प्लूटो संसार मोडतो, असे कोणीतरी सांगितले होते. त्या गृहस्थांना मंगळ ठाऊक होता, शनी ठाऊक होता. हे तिसरे काय, ते कळेना. ते आम्हांस म्हणाले, “सर, ह्या प्लूटोची शांती कुठं करतात जी?”

आम्ही काय सांगणार? नवग्रहांच्या शांतीत ग्रह नऊ, धान्ये नऊ. सूर्याला गहू, चंद्राला तांदूळ, शनीला तीळ. प्लूटोच्या नावाची मूठ त्या पाटावर कुठेच नाही. विंशोत्तरी महादशेची १२० वर्षे नऊ ग्रहांत वाटलेली आहेत; त्यांतला एक दिवसही प्लूटोच्या वाट्याला आलेला नाही. ज्यांनी ते शास्त्र रचले त्यांना हा गोल माहीतच नव्हता. तरीही त्याने दारव्ह्याकडच्या एका घरातले साक्षगंध मोडले. हे बळ त्याला कोठून मिळाले, याचा शोध घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम ग्रहाचा जन्म पाहू. म्हणजे आपल्या ओळखीतला जन्म. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल नावाचे एक श्रीमंत गृहस्थ होते. मंगळावर कालवे आहेत आणि ते तिथल्या बुद्धिमान प्राण्यांनी खणले आहेत, अशी त्यांची पक्की समजूत होती. ॲरिझोना प्रांतात फ्लॅगस्टाफ येथे त्यांनी स्वखर्चाने वेधशाळा बांधली. हर्षलच्या गतीत जी थोडी तफावत दिसत होती ती नेपच्यूनपलीकडच्या एखाद्या अज्ञात ग्रहाच्या ओढीमुळे असावी असे धरून त्यांनी गणित मांडले. त्यांच्या हिशेबी तो ग्रह पृथ्वीच्या सुमारे सातपट वजनाचा होता. १९१६ मध्ये लॉवेल वारले. ग्रह सापडला नाही. पुढे त्याच वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ हा शेतकऱ्याचा मुलगा नोकरीस लागला. रात्री आकाशाच्या तुकड्याचे छायाचित्र घ्यायचे, काही दिवसांनी त्याच तुकड्याचे पुन्हा घ्यायचे, आणि लक्षावधी ठिपक्यांतून जागा बदललेला एक ठिपका शोधायचा, हे त्याचे काम. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, २३ आणि २९ जानेवारीच्या दोन काचा ताडून पाहताना, त्याला तो ठिपका दिसला. लॉवेल यांनी वर्तविलेल्या जागेपासून तो अवघा सहा अंशांच्या आसपास होता. १३ मार्चला बातमी जाहीर झाली.

आता नाव. ऑक्सफर्डमध्ये व्हेनेशिया बर्नी नावाची अकरा वर्षांची मुलगी आजोबांबरोबर न्याहारीस बसली होती. आजोबांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचली. मुलीला प्राचीन दैवतकथांचे वेड. ती म्हणाली, त्याला प्लूटो म्हणावे. आजोबांनी ते एका ज्योतिर्विदाच्या कानावर घातले, त्याने तारेने अमेरिकेला कळविले. वेधशाळेत तीन नावे विचारात होती: मिनर्व्हा, क्रोनस आणि प्लूटो. मिनर्व्हा हे नाव एका लघुग्रहाला आधीच दिले गेले होते. प्लूटोची पहिली दोन अक्षरे इंग्रजीत पर्सिव्हल लॉवेल यांच्या नावाचीही आद्याक्षरे होत; हेही सोयीचे पडले. १ मे १९३० रोजी प्लूटो हे नाव जाहीर झाले. बारसे कसे झाले हे ध्यानात ठेवा. पुढे याचा उपयोग आहे.

ज्या देवाचे नाव त्याला मिळाले तो देव कोण? ग्रीकांच्या कथेत तीन भावांनी विश्वाची वाटणी केली. झ्यूसला आकाश मिळाले, पोसायडनला समुद्र मिळाला आणि हेडीसच्या वाट्याला भूमीखालचा मृतांचा लोक आला. हेडीसचे नाव तोंडाने घेणे लोकांना नको वाटे. म्हणून त्याला ‘प्लूटोन’, म्हणजे धन देणारा, असे म्हणू लागले. आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणतात, तशातलाच हा प्रकार. परंतु ते नाव नुसते भीतीपोटी आलेले नव्हते. धान्य भूमीतून येते, धातू भूमीतून येतो. जिथे मेलेले जातात तिथूनच जगणाऱ्यांचे पोट भरते, हे त्या नावात आहे.

या देवाने धान्यदेवता डेमेटर हिची मुलगी पर्सिफोनी पळवून खाली नेली. आईने शोक मांडला, तेव्हा पृथ्वीवर काही उगवेना. शेवटी तडजोड झाली. पण मुलीने खाली डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून वर्षाचा काही भाग तिने तिकडे राहावे आणि उरलेला वर यावे असे ठरले. ही कथा शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. आपल्या जिल्ह्यात मृगाचा भरवसा धरून धूळपेरणी करणारा माणूस कोरड्या काळ्या मातीत सरकी टोबतो आणि आभाळाकडे पाहत बसतो. त्याचे बी त्या वेळी प्लूटोच्याच राज्यात असते. ते वर येईपर्यंत त्याला झोप नसते. आणि जमिनीखालचे धन म्हणाल तर आपल्या वणीच्या कोळशाइतके रोखठोक उदाहरण दुसरे कोणते द्यावे? युगांपूर्वी मेलेले अरण्य तिथे पुरलेले आहे आणि आज ते जळून दिवे लावते आहे.

या ग्रहाला भारतीय नाव देताना कोणी यम म्हटले, कोणी कुबेर म्हटले. हे मतभेद पाहून आम्हांस एकदा हसू आले होते. एकाच गोलाला एक मृत्यूचा देव म्हणतो आणि दुसरा खजिनदार! पण विचार करता दोघांचेही खरे वाटले. धनत्रयोदशीची संध्याकाळ आठवा. घरात धनाची पूजा होते, धने-गुळाचा नैवेद्य होतो. आणि त्याच तिन्हीसांजेला घरातली बाई कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून बाहेर ठेवते. तो यमाचा दिवा. धन आणि मरण यांची एकाच संध्याकाळी आठवण ठेवणारे आपले पूर्वज आणि मरणाच्या देवाला धनदाता म्हणणारे ग्रीक, यांना एकमेकांचा पत्ता असो वा नसो, दोघांनी माणसाच्या जिण्यातली एकच गोष्ट पाहिली होती. यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात असे ऋग्वेद सांगतो. हेडीसच्या दाराशीही कुत्राच आहे, तीन तोंडांचा. पुराणकथांचे महत्त्व हे असे आहे. त्या खोट्या नसतात. मात्र त्या ज्या विषयी खऱ्या असतात तो विषय माणसाचे मन हा असतो. आकाशातला दगड हा त्यांचा विषय नव्हे.

आता फलज्योतिषाकडे वळू. प्लूटोचे कारकत्व पुस्तकांत असे दिलेले आढळते: मृत्यू, पुनर्जन्म, गूढ, भूगर्भ, गुप्तधन, विध्वंस, समाजातील उलथापालथ. राशी वृश्चिक, म्हणजे पूर्वी जी मंगळाची होती ती. ही यादी वाचताना आपल्या लक्षात आले असेल की, यांतले एकही लक्षण दुर्बिणीतून दिसलेले नाही. सर्व यादी हेडीसच्या कथेतून उचललेली आहे. ग्रहाला नाव पडले; नावाला कथा होती; कथेचे फळ झाले; आणि ते फळ पत्रिकेत बसले.

मग असे समजा की मिनर्व्हा हे नाव मोकळे असते आणि तेच ठरले असते. मिनर्व्हा ही रोमन लोकांची विद्येची आणि कलाकौशल्याची देवता. तोच गोल, तीच कक्षा, तीच गती. पण पुस्तकात लिहिले गेले असते की, हा विद्याकारक ग्रह आहे. सप्तमात मिनर्व्हा म्हणजे जोडीदार सुविद्य! दारव्ह्याकडच्या त्या मुलीला पाहुण्यांनी हसत नारळ दिला असता. इंग्लंडातल्या एका शाळकरी मुलीने न्याहारीच्या टेबलावर उच्चारलेल्या एका शब्दाने आमच्या ओळखीच्या मुलीचे लग्न मोडले, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. यात बिचाऱ्या व्हेनेशियाचा दोष नाही, आणि प्लूटोचा तर नाहीच नाही.

फलज्योतिषाचा व्यासंग असणारे काही स्नेही आम्हांला सांगतात की, हे अनुभवाचे शास्त्र आहे. नाव काही असो, अनुभव येतो. तेव्हा अनुभवाचाच हिशेब मांडू. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे २९ वर्षे लागतात. एका माणसाच्या आयुष्यात त्याच्या दोन-तीन फेऱ्या होतात. प्लूटोची एक फेरी २४८ वर्षांची. १९३० मध्ये तो जिथे सापडला तिथे तो परत २१७८ च्या सुमारास येईल. आपल्या निरयण पद्धतीने तो त्या वर्षी मिथुनेत होता आणि आज मकरेत आहे. कुंभ, मीन, मेष आणि वृषभ या चार राशींत तो सापडल्यापासून एकदाही गेलेला नाही. तरी बाराही राशींची फळे छापलेली मिळतात. ज्या गावी आपला पाहुणा कधी गेलाच नाही, त्या गावच्या त्याच्या वर्तणुकीचा अनुभव कोणाला आला?

शिवाय त्याची कक्षा लांबट असल्यामुळे तो एका राशीत बारा ते तीसेक वर्षे राहतो. म्हणजे एका शाळेत एकाच वेळी शिकणाऱ्या जवळजवळ सर्व मुलांच्या पत्रिकांत तो एकाच राशीत असतो. मग राहिले स्थान. स्थान लग्नावरून ठरते आणि लग्न साधारण दोन तासांनी बदलते. म्हणून दररोज, कोणत्याही गावी, दिवसाच्या चोवीस तासांपैकी सुमारे दोन तास जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या सप्तमात प्लूटो असतो. सरासरीने बारांत एक. या मैदानावर सहाशे श्रोते असतील, तर पन्नासांच्या पत्रिकेत हा संसार मोडणारा योग आहे. त्यांतले बरेच जण आज जोडीने आलेले दिसतात.

पंचांगांचेही पाहा. लोकमान्य टिळक हे पंचांगशुद्धीचे मोठे पुरस्कर्ते. त्यांना गुरुस्थानी मानणारे लोकनायक बापूजी अणे आपल्या वणीचे. तेव्हा या जिल्ह्यात तो वाद नवा नाही. टिळक पंचांग आणि चित्रापक्षाची पंचांगे यांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. प्लूटोच्या चालीने चार अंश म्हणजे दोन-तीन वर्षे सहज होतात. एका पंचांगाप्रमाणे तो पुढच्या राशीत गेला असता दुसऱ्याप्रमाणे तो अजून मागच्याच राशीत बसलेला असतो. दोघांचे गणित आपापल्या जागी चोख आहे. पण मग फळ कोणत्या राशीचे द्यायचे?

आणखी एक दाखला हमखास दिला जातो, तो अणुबॉम्बचा. प्लूटो सापडला आणि पंधरा वर्षांत नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब पडला. विध्वंसकारकाचा याहून मोठा पुरावा कोणता, असे विचारतात. परंतु त्या धातूला ते नाव कसे पडले? युरेनियमनंतरच्या मूलद्रव्याला नेपच्यूनवरून नेपच्युनियम म्हटले होते. त्यापुढचे सापडले तेव्हा ओळीने प्लूटोचे नाव आले. माणसाने देवाचे नाव ग्रहाला दिले, ग्रहाचे धातूला दिले, धातूचा बॉम्ब केला, आणि मग बॉम्बचे खापर ग्रहाच्या माथी फोडले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर जे घडले त्याचा हुकूम आकाशातून सुटला नव्हता.

येथवर आम्ही फलज्योतिषाची परीक्षा केली. आता तोच काटा आपल्या अभिमानाच्या गोष्टीला लावला पाहिजे. नाहीतर तो न्याय होणार नाही.

व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. जन्म १८५४. शाळेत शिक्षकी करून त्यांनी ग्रहगणिताचा व्यासंग केला; ‘ज्योतिर्गणितम्’सारखे ग्रंथ संस्कृतात लिहिले; पाश्चात्त्यांचे सूक्ष्म गणित आपल्या पंचांगकर्त्यांच्या हाती दिले. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख छापून आला. गुरूच्या उपग्रहांच्या फेऱ्यांत लाप्लास यांना जो मेळ आढळला होता, त्याच धर्तीचा मेळ सूर्यमालेच्या कडेला धरून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे वर्तविले आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट सांगितले, आणि फेरा २४२.२८ वर्षांचा. एकोणीस वर्षांनी प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट आहे आणि फेरा २४८ वर्षांचा. लॉवेल यांच्या आकड्यांपेक्षा केतकरांचे आकडे कितीतरी जवळचे. १९३० मध्येच केतकर वारले.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आमची छाती फुगली होती, हे कबूल करतो. एका मराठी शिक्षकाने प्लूटो आधीच सांगितला होता, असे आम्हीही चार ठिकाणी बोललो. पण पुढचा भाग सांगितल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शॅरन सापडला आणि त्याच्यावरून प्लूटोचे वजन काढता आले. ते पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्शाइतके, आपल्या चंद्राच्याही पाचव्या हिश्शाहून कमी भरले. एवढासा गोल हर्षलला ओढणार कसा? १९८९ मध्ये व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे वजन नेमके कळले, आणि ते धरून १९९३ मध्ये स्टँडिश यांनी पुन्हा गणित केले, तेव्हा हर्षलच्या गतीतली ती तफावतच नाहीशी झाली. म्हणजे लॉवेल ज्या ओढीच्या मागे लागले ती ओढ नव्हतीच. त्यांनी वर्तविलेल्या जागेजवळ प्लूटो सापडला, हा योगायोग. केतकरांचे? नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात, हा मेळ १९६५ मध्ये सिद्ध झाला. तेव्हा दूरच्या ग्रहांच्या फेऱ्यांत मेळ असतो या त्यांच्या दृष्टीत तथ्य होते. परंतु त्यांनी धरलेला नियम त्या ठिकाणी तसा लागू पडत नाही, आणि त्यांच्या विष्णूच्या जागी ग्रह सापडलेला नाही. आकडा जुळला म्हणून रीत खरी ठरत नाही.

हे सांगताना आम्हांला जड जाते. पण केतकरांचा मान याने कमी होत नाही. त्यांनी आकडे छापले, जगापुढे ठेवले, आणि ते तपासून पाहता येतील असे ठेवले. चूक ठरण्याची तयारी ठेवून विधान करणे याला धैर्य लागते. फलज्योतिषी सांगतो त्यात ते धैर्य नसते. कारण लग्न टिकले तर प्लूटोवर गुरूची दृष्टी होती आणि मोडले तर प्लूटो होताच. आणखी एक गोष्ट. केतकरांनी आपल्या ग्रहांना ब्रह्मा आणि विष्णू म्हटले, पण ब्रह्मा कोणाच्या सप्तमात आला असता काय होईल, यासाठी तो लेख नव्हता. देवाचे नाव द्यावे आणि गणित मात्र गणिताच्या रीतीने करावे, हा विवेक त्या शिक्षकाने दाखविला.

आता कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशाला? कोणी पत्रिका पाहतो, मनाचे समाधान होते, आपले काय जाते? पंचांग आम्हीही पाहतो. मृग कधी लागतो, आर्द्रा कधी लागतात, हे सूर्याच्या जागेचे खरे गणित आहे आणि त्यावर शेतकऱ्याचे वर्ष आखलेले असते. त्याच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण सुरू होते ते दोष ग्रहावर ठेवला जातो तेव्हा. कारण ग्रहावर ठेवलेला दोष माणसांच्या हिशेबातून सुटतो.

आपल्या जिल्ह्याने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेतकऱ्यांच्या घरी जे पाहिले ते येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. अशा घरी आम्ही बसलो आहोत. चार माणसे जमली की, त्यांतले एक हमखास म्हणते, ग्रहच फिरले होते. बोलणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण त्या एका वाक्याने कर्जाचा कागद, कापसाचा भाव, बोंडअळी आणि आटलेली विहीर, सगळे एका झटक्यात दृष्टीआड होते. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याही वेळी नशीब हा शब्द आमच्या कानावर आला. त्या विषाचे नाव डब्यावर छापलेले होते. ते वाचता येते, त्याविषयी जाब विचारता येतो, तोंडाला बांधायला साधन मागता येते. प्लूटोला जाब कसा विचारणार? तो पाच प्रकाशतास दूर आहे.

आणि ज्या यमाचे नाव आपण त्या गोलाला देतो, त्याची आपल्याकडची सर्वांत थोर कथा कोणती? नचिकेत्याची. बाप रागाच्या भरात म्हणाला, तुला मृत्यूला दिला. आणि पोर खरोखरच यमाच्या दारी जाऊन बसले. तीन रात्री उपाशी राहिले म्हणून यमाने तीन वर देऊ केले. त्याचा पहिला वर काय होता? बापाचा राग शांत होवो, त्याचे मन स्वस्थ होवो. पुढे तिसऱ्या वराच्या वेळी यमाने त्याला शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र देऊ केले, हत्ती-घोडे, सोने, हवे तितके आयुष्य देऊ केले. म्हणजे ज्या गोष्टी आपण ज्योतिष्याकडे जाऊन विचारतो, नेमक्या त्याच! त्या मुलाने त्या नाकारल्या आणि ज्ञान मागितले. यमाची कथा ज्याने मन लावून ऐकली आहे, त्याला यमाच्या नावाने भीती घालता येत नाही.

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे भरलेल्या ज्योतिर्विदांच्या सभेने प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवून बटुग्रहांत बसविले. पत्रिका करणाऱ्यांनी मात्र त्याला उठविलेले नाही. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान त्याच्याजवळून गेले. त्यात टॉम्बॉ यांच्या अस्थींचा थोडा अंश ठेवलेला होता. ज्याने तो ठिपका शोधला तो अशा रीतीने त्याच्या दारापर्यंत जाऊन आला. तिथे काय दिसले? गोठलेल्या नायट्रोजनचे बदामाच्या आकाराचे विस्तीर्ण मैदान आणि पाण्याच्या बर्फाचे डोंगर. संसार मोडण्याची कोणतीही यंत्रसामग्री आढळली नाही.

शॅरनवरच्या एका विवराला २०१८ मध्ये रेवती हे नाव देण्यात आले. महाभारतातली, पुराणांतली आपली रेवती. बापाबरोबर ती ब्रह्मलोकी गेली आणि परत आली तेव्हा पृथ्वीवर युगे लोटली होती. केतकरांनी ज्या ग्रहाला ब्रह्मा म्हणायचे ठरविले होते त्याच्याच दाराशी रेवती जाऊन पोचली! ऐकून आनंद होतो. हाही योगायोगच आहे. आणि योगायोगाचा आनंद योगायोग म्हणून घ्यायला आमची मुळीच हरकत नाही.

त्या कास्तकाराच्या मुलीचे पुढे दुसऱ्या ठिकाणी लग्न झाले. ती सुखात आहे. परंतु ती सुखात आहे हा आम्ही आमच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून सांगत नाही; एका संसारावरून काहीच सिद्ध होत नसते, हेच तर तासभर सांगत आहोत. मधली दोन वर्षे मात्र त्या घराने मान खाली घालून काढली. ती दोन वर्षे कोणत्याही ग्रहाने घेतली नव्हती. ती माणसांनी घेतली होती, आणि माणसांना ती वाचविता आली असती.

पुढच्या खेपेला आपल्या घरात मुलामुलींची पत्रिका उघडली जाईल, तेव्हा एवढे करा. त्यातला प्लूटो पाहून दचकण्याऐवजी मुलाला विचारा, मुलीला विचारा. त्यांचे शिक्षण, आरोग्य, स्वभाव, कर्ज, व्यसन यांची चौकशी करा. धनत्रयोदशीला यमाचा दिवा मात्र अवश्य लावा. तो दिवा आपल्या माणसांच्या काळजीचा आहे. ती काळजी मग वर्षभर घरातच, माणसांसाठी वापरा.